आर्मा ३ दर वेळी पाऊण तासाने का अडखळतो? (ग्राफिक्स कार्डाला दोष देण्याआधी)

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच की दुसरं ते लगेच कळेल.

मल्टिप्लेअर मिशन सुरू झालं की पहिली काही मिनिटं आर्मा ३ हा लष्करी लढाईचा गेम झकास चालतो. ५५-६० एफपीएस, म्हणजे सेकंदाला तेवढ्या फ्रेम. मग तो हळूहळू जड होत जातो. अर्ध्या तासाने मान वळवली की दृश्य झटके खात सरकतं. पाऊण तासाने आकडा विशीत येतो, आणि चारशे मीटरवरच्या धावत्या शत्रूवर स्कोप धरला की तो एका फ्रेमला रेघेच्या डावीकडे, पुढच्या फ्रेमला उजवीकडे. मधे कधीच नाही. वैतागून गेम बंद करायचा, परत सुरू करून त्याच सर्व्हरवर त्याच मिशनमध्ये जायचं, तर पुन्हा सगळं सुरळीत. थोड्या वेळाने परत तेच रडगाणं.

आमच्या बावीस जणांच्या गटाने असे सलग सहा शनिवार काढले. सातव्या शनिवारी कारण सापडलं, महिन्याभराने दुखणं वेगळ्या रूपात परत उगवलं, आणि तेव्हा कुठे ते मुळासकट निघालं. दोन्ही वेळा अपराधी मीच होतो, कारण मिशन मी बनवलं होतं.

आधीच्या शनिवारी आम्ही काय केलं ते ऐका, कारण बहुतेक जण हेच करतात. सगळ्यांनी सावल्या कमी केल्या. मग टेक्सचर कमी केलं. मग गवत कमी केलं, ज्याने फार तर समोरचा लपलेला माणूस जरा आधी दिसला. स्टीमवरून फाइल्स तपासल्या, ड्रायव्हर नव्याने टाकले. एकाने तर ग्राफिक्स कार्डच बदललं. नव्या कार्डावर पहिल्या दहा मिनिटांत त्याला तीन फ्रेम जास्त मिळाल्या आणि पाऊण तासाने तोही आमच्याबरोबर विशीत. रोग रेड्याला, औषध पखालीला. शेवटी आम्ही शरणागती पत्करली: दर पाऊण तासाने सगळ्यांनी गेम बंद करून परत यायचं. या मध्यंतराला आम्ही मोठ्या दिमाखात 'रसद पुरवठा' म्हणायचो.

चूक कुठे झाली? आम्ही 'गेम जड का चालतो' हा प्रश्न विचारत होतो. विचारायला हवं होतं ते असं: वेळेबरोबर नेमकं काय वाढतंय?

गेम सुरुवातीपासूनच जड असेल तर तो वेगळा आजार, आणि तिथे सेटिंग्जचा उपयोग होतो. सुरुवातीला हलका आणि मग जड होत जाणारा गेम सेटिंग्जने बरा होत नाही. फक्त जड व्हायला दहा मिनिटं जास्त लागतात. सावल्यांची सेटिंग पहिल्या मिनिटाला जी असते तीच पन्नासाव्या मिनिटालाही असते. ती वाढत नाही. मग ती गुन्हेगार कशी असेल?

सुरुवातीपासून जड असेल तर

हे थोडक्यात उरकतो. आर्मा ३ सप्टेंबर २०१३ मध्ये आला, पण त्याच्या इंजिनाची वंशावळ २००१ च्या ऑपरेशन फ्लॅशपॉइंटपर्यंत जाते. त्या काळी घरच्या संगणकात एकच कोअर असायचा, आणि ती सवय या इंजिनाच्या हाडात आहे. एआय (संगणक चालवतो ते सैनिक), स्क्रिप्ट (मिशनसाठी लिहिलेलं कोड), जगाचं सिम्युलेशन यांचा मोठा भार एकाच मेन थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच मुख्य धाग्यावर पडतो. २०२५ च्या २.२० आवृत्तीपासून कामाची वाटणी बरीच सुधारली, तरी मूळ स्वभाव तोच. त्यामुळे टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर २५ टक्के दिसतो म्हणून तो निवांत आहे असं समजू नका. आठ थ्रेडच्या प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकडा साडेबारा टक्केच दिसणार.

प्रोसेसर अडतोय की ग्राफिक्स कार्ड, हे ओळखायची अर्ध्या मिनिटाची चाचणी आहे. व्हिडिओ सेटिंग्जमध्ये सॅम्पलिंग (चित्र किती पिक्सेलमध्ये रंगवायचं ते) १०० वरून ५० टक्क्यांवर आणा. चित्र धुरकट होईल, होऊ द्या. एफपीएस उड्या मारून वर गेला तर कार्ड कमी पडत होतं. जागचा हलला नाही तर प्रोसेसर. आर्मामध्ये बहुतेक वेळा तो हलत नाही. (आणि कोणाचं सॅम्पलिंग २०० टक्क्यांवर असेल तर त्याने चौपट पिक्सेल रंगवायला लावलेत हे ध्यानात घ्यावं.)

प्रोसेसर अडत असेल तर हात घालायची पहिली जागा म्हणजे व्ह्यू डिस्टन्स, म्हणजे किती लांबपर्यंतचं जग दिसावं ते अंतर. दीड किलोमीटरचा तीन केला की अंतर दुप्पट होतं, पण क्षेत्र चौपट. गेममधलं अल्टिस बेट २७० चौरस किलोमीटरचं आहे. पायदळात असताना त्यातलं सगळं बघायची गरज नसते. पायी लढताना मी एकूण अंतर १६०० मीटर आणि वस्तूंचं अंतर १००० मीटर ठेवतो. हेलिकॉप्टर चालवणाऱ्याला हे चालणार नाही, आणि स्नायपरलाही नाही: वस्तूंचं अंतर एक हजार असताना बाराशे मीटरवरचा माणूस तुम्हाला दिसणार नाही, पण त्याला तुम्ही दिसाल. पायी, गाडीत आणि विमानात वेगवेगळी अंतरं आपोआप लावणारे मॉड (खेळाडूंनी बनवलेली जोडणी) स्टीमच्या वर्कशॉपवर आहेत; सर्व्हर परवानगी देत असेल तर ते वापरा.

रॅम कमी वेगाने चालतेय का हेही एकदा बायोसमध्ये बघा. वेगवान रॅम घेऊन तिचं एक्सएमपी प्रोफाइल (तिचा पूर्ण वेग देणारी सेटिंग) चालूच न केलेली मंडळी मी पाहिली आहेत. आर्माला रॅमचा वेग आणि प्रोसेसरचा कॅश (त्याच्या पोटातली छोटी, वेगवान मेमरी) दोन्ही फार मानवतात. २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७ ५८००एक्स३डी या ९६ एमबी एल३ कॅशवाल्या चिपचं आर्मावाल्यांत एवढं कौतुक झालं ते उगाच नाही.

आणि लाँचरमधले पॅरामीटर्स, म्हणजे गेम सुरू करताना दिलेल्या जादा सूचना. जुन्या याद्यांमधून उचललेले असतील तर सगळे काढून टाका. २०१७ पर्यंत आर्मा ३ हा ३२ बिटचा होता, त्यामुळे तेव्हा लोक मॅक्स-मेमरीचा (गेमने जास्तीत जास्त किती एमबी मेमरी वापरावी त्याचा) आकडा २०४७ टाकायचे. ६४ बिटच्या गेमला तोच आकडा देणं म्हणजे धडधाकट माणसाचे पाय बांधून त्याला पळायला लावणं. माझ्याच लाँचरमध्ये तो आकडा अनेक वर्षं बसला होता. मी तो काढला आणि पाऊण तासाच्या दुखण्यात काडीचा फरक पडला नाही, पण निदान शंका फिटली.

वेळेबरोबर जड होत असेल तर

वाढणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत: यंत्राचं तापमान, भरत जाणारी मेमरी, नकाशावरची माणसं आणि मढी, आणि स्क्रिप्ट. प्रत्येकाची खूण वेगळी असते.

तापमान लॅपटॉपवाल्यांनी आधी बघावं. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो. यात फसगत अशी की गेम बंद करून परत सुरू करेपर्यंत लॅपटॉप थोडा निवतो, त्यामुळे 'परत आल्यावर बरं वाटलं' ही खूण इथेही दिसते. म्हणून अंदाज करत बसू नका. प्रोसेसरची गिगाहर्ट्झची संख्या पहिल्या मिनिटाला आणि चाळिसाव्या मिनिटाला लिहून ठेवा. दोन्ही सारख्या असतील तर हा संशयित सुटला.

ग्राफिक्स मेमरी भरली असेल तर त्यासाठी आर्मात एक जुनी गुप्त कळ आहे. डावी शिफ्ट धरून नंबरपॅडवरची वजाबाकीची कळ दाबायची, दोन्ही सोडायच्या, आणि मग इंग्रजीत 'फ्लश' टाइप करायचं. टाइप करताना पडद्यावर अक्षरं दिसत नाहीत, त्यामुळे पहिल्यांदा करताना आपण मूर्ख ठरतोय असं वाटतं. पण ग्राफिक्स मेमरी रिकामी होते आणि टेक्सचर नव्याने भरली जातात. याने गेम सुधारला तर दुखणं तिथेच आहे, आणि मग टेक्सचरची पातळी एक पायरी खाली आणणं हे योग्य औषध. आमच्याकडे क्षणभर सगळं धुरकट झालं, परत स्पष्ट झालं, आणि एफपीएस होता तिथेच.

आता सर्व्हर. 'लॅग' या एका शब्दात आपण दोन वेगळे आजार कोंबतो. शत्रू जमिनीवरून घसरत चाललाय, गोळ्या लागूनही पडत नाही, दार उघडायला दोन सेकंद लागतात, कोपऱ्यात साखळीचं चिन्ह येतंय, पण तुमची स्वतःची मान मात्र लोण्यासारखी वळतेय: हा डीसिंक, म्हणजे सर्व्हर किंवा नेटवर्क. चित्रच अडखळतंय: हा तुमच्या यंत्रावरचा भार. अॅडमिन म्हणून लॉगिन करून मॉनिटर आज्ञा दिली की सर्व्हरचा स्वतःचा एफपीएस दिसतो. समर्पित सर्व्हर साधारणपणे ५० च्या वर जात नाही. विशीच्या खाली गेला की एआय बावळट व्हायला लागतो. आमचा सर्व्हर शेवटपर्यंत ४५ च्या वर होता. तोही सुटला.

झ्यूस (चालू मिशनमध्ये एका सूत्रधाराने सैनिक वगैरे ठेवायची सोय) वापरत असाल तर एक जोडटीप: झ्यूसने मिशनच्या मधे ठेवलेले सैनिक सर्व्हरवर नाही, झ्यूस चालवणाऱ्याच्या संगणकावर चालतात. त्याचं यंत्र दमलं की अख्ख्या शत्रूसैन्याला पक्षाघात होतो आणि बाकीचे उगाच सर्व्हरवाल्याला शिव्या देतात.

मग राहिली नकाशावरची गर्दी. मला वाटलं हेच असणार. मिशन होतं अल्टिसवरचं कवाला शहर राखण्याचं, दर सात मिनिटांनी शत्रूची एक लाट, एकूण सात लाटा. पाऊण तासात रस्त्यावर मढ्यांचा खच. मी मढी आणि जळक्या गाड्या आपोआप हटवायची सोय केली, रिकामे झालेले गट पुसले, लांबच्या चौक्यांवर डायनॅमिक सिम्युलेशन लावलं, म्हणजे जवळ कोणी नसेल तर तिथले सैनिक झोपून राहतात. ही सगळी कामं चांगलीच आहेत, तुम्हीही करा. विशेषतः रिकामे गट: एका बाजूला २८८ गटांची मर्यादा आहे आणि ती गाठली की नवे गट तयार होत नाहीत. सर्व्हरचा एफपीएस दोनने वाढला. आमचा चित्रपट होता तसाच अडखळत राहिला.

गाठ सुटली ती अशी

सातव्या शनिवारी एका गड्याचा गेम चाळिसाव्या मिनिटाला कोसळला. तो परत आला आणि म्हणाला, "मला पन्नासच्या वर मिळतायत." आम्ही बाकीचे पंचविशीत. तोच सर्व्हर, तोच क्षण, तेच शत्रू, तीच मढी.

हे वाक्य आम्ही आधीही डझनभर वेळा ऐकलं होतं. आमचं 'रसद पुरवठा' त्यावरच चालायचं. पण त्याचा अर्थ त्या दिवशी डोक्यात शिरला. गर्दी हे कारण असतं तर परत आलेल्यालाही तीच गर्दी छळायला हवी होती. तिने छळलं नाही, म्हणजे साठत जाणारी वस्तू नकाशावर नाही. ती प्रत्येकाच्या स्वतःच्या चालू गेममध्ये आहे आणि गेम बंद केला की जाते. मेमरी तपासून झाली होती. उरली स्क्रिप्ट.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच मिशन एडिटरमधून मल्टिप्लेअरमध्ये चालवलं. एकही गोळी न झाडता कोपऱ्यात उभा राहिलो आणि प्रत्येक लाटेनंतर डीबग कन्सोलमध्ये एफपीएस बघून कागदावर उतरवला. सुरुवातीला ५८. मग ४७, ४०, ३४, ३०, २७, २४, २२.

हे आकडे बघून वाटतं की पहिली लाट सर्वांत जड, ११ फ्रेम खाल्ले, आणि शेवटची अगदी हलकी, दोनच. एफपीएस हा आकडा इथेच माणसाला फसवतो. प्रत्येक आकड्याने एक हजाराला भागा, म्हणजे एका फ्रेमला लागणारे मिलिसेकंद मिळतात: १७, २१, २५, २९, ३३, ३७, ४१, ४५. दर लाटेला बरोबर चार मिलिसेकंद. जिन्याच्या पायऱ्या मोजाव्यात इतकं सरळ. घसरण पाऊण तासाने नाही, पहिल्या लाटेपासूनच चालू होती. ३० च्या खाली गेल्यावर आम्हाला ती जाणवायची एवढंच. तोवर 'शत्रू आले, गर्दी झाली' अशी आम्ही समजूत काढायचो.

दर लाटेला काहीतरी एक नवं चालू होत होतं आणि जुनं बंद होत नव्हतं. माझ्या कोडमध्ये ते शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत, हे कबूल करताना लाज वाटते. लाट आली की खेळाडूंना ओळखलेल्या शत्रूंवर लहानशी खूण दिसावी म्हणून मी सगळ्यांच्या यंत्रांवर एक ड्रॉ-थ्रीडी इव्हेंट हँडलर (ठरावीक घटना घडली की आपोआप चालणारा कोडचा तुकडा) चढवत होतो. हा हँडलर दर फ्रेमला चालतो. तो सगळे शत्रू धुंडाळायचा, प्रत्येकापर्यंत नजर पोचते का ते तपासायचा, मग खूण काढायचा. लाट संपली की तो काढून टाकायचं मी लिहिलंच नव्हतं. सातव्या लाटेला सात हँडलर एकमेकांच्या डोक्यावर डोकं ठेवून तीच खूण सात वेळा काढत होते. पडद्यावर दिसायची एकच, कारण सातही एकाच जागी.

इथे इंजिनाचा एक बारकावा कामाचा आहे. आर्मात स्क्रिप्ट दोन तऱ्हेने चालते. शेड्यूल्ड स्क्रिप्टला सगळ्यांना मिळून एका फ्रेममध्ये साधारण तीन मिलिसेकंद मिळतात. काम उरलं तर ते पुढच्या फ्रेमवर जातं. अशा स्क्रिप्टा साठल्या तर स्क्रिप्ट उशिरा चालतात, ट्रिगर दबल्यावर दहा सेकंदांनी स्फोट होतो, पण चित्र फारसं अडत नाही. इव्हेंट हँडलर मात्र अनशेड्यूल्ड असतात. त्यांचं काम संपेपर्यंत फ्रेम थांबते. म्हणून 'घटना उशिरा घडतात' आणि 'चित्र अडखळतं' या दोन तक्रारी आल्या तर कोडमध्ये दोन वेगळ्या जागी शोधायचं.

दुरुस्ती: हँडलर आता खेळाडू मिशनमध्ये येतो तेव्हा एकदाच चढतो. लाट आली की फक्त एका यादीत नावं भरली जातात. नजर पोचते का ही महागडी तपासणी दर फ्रेमला न करता वेगळ्या शेड्यूल्ड लूपमध्ये सेकंदाला एकदा होते. हँडलर त्या तयार यादीवरून फक्त खुणा काढतो. सातव्या लाटेला माझा एफपीएस ५४.

तुमच्या मिशनमध्ये स्वतःचं कोड नसेल तर हीच पद्धत मॉडवर लावा. अर्धे मॉड काढा, मिशन एकट्याने चालवा, पायऱ्या दिसतात का बघा. दिसल्या तर उरलेल्यांतले अर्धे काढा. लॉगची आरपीटी फाइलही उघडा. तिच्यात एकच चूक हजारो वेळा छापलेली असेल तर दर फ्रेमला काहीतरी तडफडतंय हे निश्चित, आणि त्या ओळीत बहुधा मॉडचं किंवा फाइलचं नावही असतं. याच्या पुढे जायचं असेल तर स्टीममधून प्रोफाइलिंग शाखा घ्या. तिच्यात एक फ्रेम पकडून कोणत्या कामाला किती मिलिसेकंद गेले ते उलगडून बघता येतं. मला त्याची गरज पडली नाही. कागद-पेन पुरलं.

आणि ते परत आलं

महिन्याभराने नव्या मिशनमध्ये पुन्हा तक्रार. पण या वेळी गंमत वेगळीच: सगळ्यांना नाही, तिघाचौघांनाच. बाकीचे म्हणाले, तुमची यंत्रं जुनी आहेत. त्यातला एक जण तर नवं ग्राफिक्स कार्ड घेतलेलाच होता, त्यामुळे तो भयंकर चिडला.

पुन्हा तोच प्रश्न: काय वाढतंय, आणि फक्त यांच्याकडेच का? मिशनच्या शेवटचा गुणफलक बघितला तेव्हा हसू आवरेना. अडखळणारे चौघे म्हणजे सर्वांत जास्त वेळा मेलेले चौघे. नवं कार्डवाला अकरा वेळा मेला होता.

या मिशनमध्ये मी पहिल्यांदाच रिस्पॉन, म्हणजे मेल्यावर पुन्हा जिवंत होऊन खेळात यायची सोय, ठेवलं होतं. मेल्यावर हँडलर पुसला जात असेल अशा समजुतीने तो रिस्पॉनच्या फाइलमध्ये पुन्हा चढवला होता. मिशनचा इव्हेंट हँडलर माणसाला चिकटलेला नसतो, मिशनला असतो. माणूस मेला तरी तो जिवंतच राहतो. म्हणजे दर मरणाला एक जास्तीचा. आता चढवताना मिळालेला हँडलरचा क्रमांक मी एका व्हेरिएबलमध्ये ठेवतो, आणि नवा चढवण्याआधी त्या क्रमांकाचा जुना असेल तर तो काढतो. शिवाय चाचणीच्या वेळी पडद्याच्या कोपऱ्यात माझ्या स्क्रिप्टने चढवलेल्या हँडलरांची संख्या छापलेली असते. एकाच्या वर गेली की मिशन शनिवारी जात नाही.

आमच्या त्या गड्याचं म्हणणं पहिल्यापासून असं की तो मरतो ते गेम अडखळतो म्हणून. मी त्याला सांगत होतो की गेम अडखळतो तो तू मरतोस म्हणून. दोघांचंही खरं होतं. दुरुस्तीनंतरच्या शनिवारी त्याला मिशनभर साठ एफपीएस मिळाले आणि तो चौदा वेळा मेला. त्यावर माझ्याकडे इलाज नाही.